'कोल्ड फीट' म्हणजे त्याला लग्न नकोय का, मॅडम?

परदेशातलं स्थळ ठरलेल्या मुली हल्ली समुपदेशनाला माझ्यासमोर बसल्या की आधी मोबाईल पुढे करतात, मॅडम यातनं त्याला नेमकं काय म्हणायचंय ते सांगा ना. बऱ्याच जणींना ही काळजी असते म्हणून एक केस लिहितेय, तिची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगी साताऱ्याकडची, 27 वर्षांची, मराठी मीडियमची, पुण्यात नोकरीला. मुलगाही मराठीच, पण जन्म, शाळा सगळं इंग्लंडमध्ये लेस्टरला, त्यामुळे मराठी कळतं पण बोलताना अडखळतो. साखरपुडा झालेला, लग्नाला सात आठवडे राहिलेले आणि रात्री अकराला त्याचा मेसेज, 'गॉट अ बिट ऑफ कोल्ड फीट, नीड सम स्पेस धिस वीकेंड'.

तिने शब्दाला शब्द लावून बघितला. थंड पाय, जागा पाहिजे. मामेभावाने नेटवर शोधून सांगितलं की हे लग्न मोडायच्या आधी बोलतात, झालं, सकाळी आई हॉलवाल्याला फोन करायला निघाली. माझ्याकडे आली तेव्हा पोरगी दोन दिवस धड जेवली नव्हती आणि एकच घोकत होती, मागच्या महिन्यात तर म्हणाला होता 'हेड ओव्हर हील्स' प्रेमात पडलोय, मग आता काय झालं?

तिला म्हटलं, अगं डोकं वर आणि टाचा खाली असे तर आपण रोजच असतो, जुन्या इंग्रजीत ते 'हील्स ओव्हर हेड' होतं म्हणजे कोलांटी, पुढे बोलता बोलता शब्द उलटे झाले. या वाक्प्रचारांचे शब्द तोलत बसायचे नसतात. कोल्ड फीट म्हणजे मोठं पाऊल टाकताना ऐनवेळी कचरणं, इंग्रज माणूस घर घेतानाही हेच म्हणतो. भीती वाटतेय एवढंच त्यातनं कळतं, कशाची ते नाही. आणि स्पेस म्हणजे दोन दिवस जरा एकटं राहू दे.

पण 'सगळ्यांना होतं गं, लग्न झालं की जाईल' असं मी कधीच सांगत नाही. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातल्या संशोधकांनी 232 नवविवाहित जोडप्यांवर 4 वर्षं लक्ष ठेवलं होतं, तो अभ्यास 2012 मध्ये छापून आला, त्यात लग्नाआधी शंका आलेल्या बायकांपैकी 19 टक्के जणींचा घटस्फोट झाला, शंका न आलेल्यांमध्ये 8 टक्के. म्हणजे शंका दाबायची नाही, विचारायची. म्हणून सोमवारी तिने त्याला व्हॉइस नोट पाठवली, सावकाश, साध्या मराठीत. 'तुला कशाची भीती वाटतेय? माझी, लग्नाची, का आणखी कशाची?'

त्याने लगेच फोन केला आणि पाऊण तास बोलला. त्याची नोकरी गेली होती, नवी मिळाली पण पगार कमी. तिकडे बायकोला व्हिसावर न्यायचं तर एप्रिल 2024 पासून वर्षाला 29,000 पाउंड उत्पन्न दाखवावं लागतं, आधी हे 18,600 होतं, आणि याचा आकडा तिथवर पोचत नव्हता. लग्न करून हिला इथेच ठेवावं लागेल ही भीती, वर हे सांगायची लाज.

ती चिडली, आणि मला ते बरोबरच वाटलं, कारण नोकरी गेल्याचं लपवणं ही काही छोटी गोष्ट नाही. पुढची दोन सेशन्स व्हिडिओ कॉलवर दोघांबरोबर घेतली, तीही सगळी त्यावरच झाली, पैसे, घरच्यांना काय सांगायचं, तिला किती थांबता येईल. तारीख पाच महिने पुढे गेली, आईची बोलणी दोघांनी मिळून खाल्ली.

मध्ये त्याने तिला विचारलं की कोल्ड फीटला मराठीत काय म्हणतात, तिने शिकवलं, पोटात गोळा येणं. परवा चांगल्या पगाराच्या एका इंटरव्ह्यूच्या आधी त्याचा मेसेज आला, 'पोटात गोळा आलाय, फोन कर'. तिने ऑफिसच्या जिन्यातनंच लावला.