मीटर फास्ट, की मीटरच बंद?

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारे काका भायखळ्याला टॅक्सी-रिक्षाचे मीटर दुरुस्त करायचे. आता दुकान मुलगा बघतो, काका पत्रं बघतात.)

प्रश्न : काका, आमच्या बांद्र्याच्या घरात एक फ्रेंच मुलगी भाड्याने राहते. इथल्या शाळेत शिकवते. दोन वर्षं झाली, म्हणजे पर्यटक नव्हे. रविवारी तिने सीएसएमटीहून गेटवेला टॅक्सी केली आणि तीनशे रुपये देऊन आली. ती म्हणते, मुंबईतले मीटर फास्ट असतात. खरंच असतात का? ओळखायचं कसं?
*– एक घरमालकीण, बांद्रा*

उत्तर : ताई, आधी तिला एवढंच विचारा, मीटर चालू होता का? मी सांगतो, नसणार.

सीएसएमटी ते गेटवे अडीच किलोमीटरच्या आसपास आहे. 1 फेब्रुवारी 2025 पासूनच्या दराने काळ्या-पिवळ्या टॅक्सीला पहिल्या दीड किलोमीटरला 31 रुपये आणि पुढे दर किलोमीटरला 20 रुपये 66 पैसे पडतात. म्हणजे झाले पन्नास-पंचावन्न. हुतात्मा चौकात सिग्नलला रखडली तर साठ-पासष्ट. एवढ्याशा अंतरात तीनशे दाखवायला मीटर पाच-सहा पट पळवावा लागेल. असा मीटर कोणी लावत नाही, लावणारा पहिल्याच दिवशी मार खाईल. ज्याला चोरी करायची असते तो शंभराचे एकशेवीस करतो, पॅसेंजरला चाहूल लागणार नाही इतपत. तीनशे हा मीटरचा आकडाच नाही. तो तोंडी आकडा आहे, चेहरा बघून सांगितलेला.

फास्ट मीटर असतात, नाही म्हणत नाही. माझ्या दुकानात तसलं काम मागायला येणारे महाभाग होते, त्यांना मी चहाही विचारला नाही. काम कसं चालतं ते सांगतो. गाडीच्या गिअरबॉक्सला सेन्सर असतो. चाक फिरेल तसे तो पल्स, म्हणजे विजेचे बारीक ठोके, पाठवतो. मीटर ते पल्स मोजून त्यांचे किलोमीटर करतो आणि किलोमीटरचे रुपये. भाड्याचा दर मीटरच्या पोटात असतो आणि वर वैध मापन शास्त्र खात्याचं शिशाचं सील, तारेत ओवलेलं. सील फोडल्याशिवाय दराला हात लावता येत नाही. म्हणून चोर बाहेरून येतो. सेन्सरच्या वायरमध्ये काहीतरी जोडतो, हॉर्नजवळ किंवा डिपरखाली बारीक बटण लपवतो. ते दाबलं की जास्तीचे पल्स जातात. म्हणजे तुमचा मीटर भावात खोटं बोलत नाही, अंतरात बोलतो.

हे कळलं की पकडणं सोपं. हल्लीच्या मीटरवर रुपयांबरोबर किलोमीटरही दिसतात. तुमच्या भाडेकरूच्या मोबाइलवर नकाशा आहेच. मीटरचे किलोमीटर आणि नकाशाचे किलोमीटर शेजारी ठेवून बघायचे. दीड किलोमीटरच्या पुढे हिशेबही तोंडी होतो : जेवढे किलोमीटर तेवढे वीस, वर थोडं. फक्त ही परीक्षा ट्रॅफिकमध्ये घ्यायची नाही, कारण गाडी उभी राहिली की वेटिंग, म्हणजे थांबल्या वेळाचं भाडं, चढतं आणि हिशेब बिघडतो. रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हवर घ्यायची. नरिमन पॉइंटपासून चौपाटीच्या टोकापर्यंत तो रस्ता 3.6 किलोमीटरचा. मीटरने 74-75 रुपये दाखवायला हवेत. दोन-तीन रुपये इकडेतिकडे झाले तर सोडून द्या. टायर झिजला की चाकाचा घेर कमी होतो आणि तेवढ्याच रस्त्याला फेरे जास्त पडतात. त्याचा शंभराला एखाददुसरा रुपया जातो आणि तो चोरी नव्हे. पण नव्वदच्या वर गेला तर गाडीच्या नंबराचा फोटो काढायचा आणि आरटीओला कळवायचं. नंबर एमएच-01 असेल तर ताडदेव, 02 अंधेरी, 03 वडाळा, 47 बोरिवली. तक्रारीला आता व्हॉट्सॲपही चालतं. सोबत तारीख, वेळ, कुठून कुठे आणि मीटरचा फोटो हवा. 'टॅक्सीवाल्याने फसवलं' एवढ्यावर कोणी काही करू शकत नाही.

राहिला तीनशेचा इलाज. गेटवेला, ताजच्या समोर, सीएसएमटीच्या दारात ज्या टॅक्सी उभ्या असतात आणि ज्यांचे चालक बाहेर बॉनेटला टेकून 'टॅक्सी मॅडम, टॅक्सी' करतात, त्या सोडून द्यायच्या. चार पावलं पुढे जाऊन चालती टॅक्सी हाताने थांबवायची. उभा राहणारा मोठ्या भाड्याची वाट बघत असतो, चालता माणूस पुढचं भाडं शोधत असतो. दार उघडण्याआधी विचारायचं, 'मीटरने ना, भाऊ?' मराठीतच. तिचा उच्चार कसाही असो. मीटर टाकणारा मान हलवतो, न टाकणारा आकडा सांगतो. आकडा ऐकला की दार लावायचं. घासाघीस करायचीच नाही. तीनशेचे दीडशे करून ती खूश होईल आणि तोही.

आणि एक सांगून ठेवा, तिकडे बांद्र्याला परदेशी लोकांचा हमखास गैरसमज होतो. रिक्षावाला माहीमला यायला नाही म्हणतो तो नखरा नव्हे. रिक्षाला माहीम खाडीच्या अलीकडे येण्याची परवानगीच नाही. शहरात फक्त टॅक्सी. तिथे बिचाऱ्यावर ओरडू नये.

प्रश्न : काका, मी स्वतः टॅक्सी चालवतो. मीटरने चालवतो. पण परदेशी पॅसेंजर बसला की मोबाइलवर नकाशा उघडून बसतो. पेडर रोडला गाडी अडकली आणि मीटर वाढला की लगेच 'चीटिंग, चीटिंग'. सी लिंकवरून घेतलं की टोलवरून भांडण. रात्री तर विचारूच नका. आम्ही सगळेच चोर का?
*– एक चालक, अँटॉप हिल*

उत्तर : भाऊ, तुझं दुःख जुनं आहे. 2012 साली इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे व्हायला लागले, त्याआधीचे लोखंडी मीटर तुला आठवत असतील. जुन्या पद्मिनी टॅक्सीच्या बाहेर डाव्या अंगाला बसवलेले. चालक डाव्या खिडकीतून हात घालून झेंडा पाडायचा, की मीटर सुरू. आतल्या चावीच्या घड्याळावर वेटिंग चालायचं. त्या मीटरवर आकडा यायचा 3.00 आणि भाडं व्हायचं त्याच्या कितीतरी पट, कारण भाडेवाढ झाली की मीटर तोच राहायचा आणि बदलायचं ते दराचं कार्ड. इथल्या माणसाला ते पाठ. परदेशी पाहुण्याने मात्र तीनचा आकडा बघून पाचाची नोट काढली की पुढचं महाभारत आम्ही दुकानाच्या फळीवर बसून ऐकायचो. त्या काळात प्रामाणिक चालकाने सर्वांत जास्त शिव्या खाल्ल्या.

2025 च्या भाडेवाढीनंतरही काही महिने तसंच झालं. मीटर नव्या दरावर लागेपर्यंत क्यूआर कोडचं अधिकृत कार्ड दाखवून भाडं घ्यायची मुभा होती. मीटर म्हणतो 28, चालक म्हणतो 31. खरं कोण? दोघंही.

तुला दोन-तीन गोष्टी सुचवतो. गाडी थांबली की मीटर का वाढतो, हे भांडण सुरू व्हायच्या आधी सांग. इंग्रजी नको, मीटरवरच्या वेटिंगच्या आकड्याकडे बोट दाखव. सी लिंकला चढण्याआधी विचार : सी लिंकवरून की माहीमवरून? मोटारीला एका वेळचे 100 रुपये टोल आहे आणि तो पॅसेंजरने द्यायचा असतो, हे त्याला आधी कळलं तर पाचातले चार हो म्हणतात. उतरताना कळलं तर पाचही भांडतात. फास्टॅगचा मेसेज मोबाइलवर येतो, तो दाखव. रात्री बारा ते पहाटे पाच सव्वापट भाडं आहे, त्याचं कार्ड सीटच्या मागे लाव. 31 चे 39 कसे झाले हे तोंडाने समजावण्यापेक्षा छापील कागद बरा.

पण एक बोलतोच. तुझ्याच लायनीतले लोक चर्चगेटहून कुलाब्याला जवळचं भाडं नको म्हणून काच वर करतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 178 खाली तो गुन्हा आहे, हे त्यांनाही माहीत असतं. तीनदा नकार ऐकलेला माणूस चौथ्या टॅक्सीत बसतो तो रागातच. तो चौथा तू असतोस, म्हणून तुझ्यावर निघतं. संशयाने बघणाऱ्याचा मला राग येत नाही. राग येतो तो काच वर करणाऱ्याचा.

प्रश्न : पवईला राहणारे माझे कोरियन सहकारी वाशीहून टॅक्सीने आले. चालकाने नाक्याचा टोल म्हणून वेगळे पैसे घेतले. असं असतं का?
*– एक इंजिनिअर, पवई*

उत्तर : नसतं. ऑक्टोबर 2024 पासून मुंबईत शिरताना वाशी, ऐरोली, दहिसर आणि मुलुंडचे दोन, अशा पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल बंद आहे. सी लिंकचा मात्र चालू आहे. जुना टोल आठवणीत ठेवून वसूल करणारे अजून भेटतात.

विमानतळाचंही इथेच सांगून टाकतो, कारण दर महिन्याला कोणीतरी विचारतं. बाहेर येताना सूट घातलेला कोणी 'टॅक्सी, सर?' म्हणत सामानाला हात घालतो, तो टॅक्सीवाला नसतो, दलाल असतो. प्रीपेड काउंटरवर जाऊन पावती घ्यायची, नाहीतर ॲपवर मागवायची. मनात अंदाज हवा म्हणून सांगतो : 25 किलोमीटर धरले तर काळ्या-पिवळीचं मीटरने भाडं 517 रुपयांच्या आसपास होतं. प्रीपेड त्याहून थोडं महाग पडतं. ते मला फारसं खुपत नाही, रात्री दोन वाजता परक्या शहरात उतरलेल्या माणसाला शांतता विकत मिळते. निळी-चंदेरी कूल कॅब, म्हणजे एसी टॅक्सी, असेल तर पहिला टप्पाच 48 चा आहे, हे लक्षात ठेवा. तिला काळ्या-पिवळीचा हिशेब लावून भांडू नका.

प्रश्न : काका, मुलगा नोकरीसाठी बँकॉकला निघालाय, दोन-तीन वर्षं तरी राहील. तिकडचे टॅक्सीवाले परदेशी माणूस बघितला की मीटर लावत नाहीत म्हणे. त्याला काय सांगू?
*– एक आई, मुलुंड*

उत्तर : वहिनी, बरं झालं विचारलंत. इतका वेळ आपण घरचे म्हणून बोलत होतो, आता आपलं पोरगं तिकडचं परकं.

माझा भाचा तिथे राहतो, त्याच्याकडे मी जाऊन आलो. लोक देवळं बघत होते, मी मीटर बघत होतो. मीटर चांगले आहेत. डॅशबोर्डवर मधोमध, मागच्या सीटवरून स्पष्ट वाचता येतात. साध्या टॅक्सीला पहिल्या किलोमीटरला 35 बाथ. मोठ्या गाडीला 40. अंतराने वाढतं, गर्दीत अडकलं की वेळेनेही. आपल्यासारखंच. काचेत लाल दिव्याची पाटी पेटलेली असेल तर गाडी रिकामी. रंगाचा गोंधळ नको : हिरवी-पिवळी असेल तर बहुतेक चालकाच्या स्वतःच्या मालकीची, एकरंगी असेल ती कंपनीची किंवा सोसायटीची. मीटर सगळ्यांना सारखा.

सुवर्णभूमी विमानतळावर खाली टॅक्सीच्या रांगेत मशीन असतं. चिठ्ठी निघते, तिच्यावर जागेचा नंबर येतो, तिथे उभ्या गाडीत बसायचं. ती चिठ्ठी चालकाने मागितली तरी द्यायची नाही. मीटरच्या वर विमानतळाचे 50 बाथ द्यावे लागतात आणि एक्सप्रेसवेने गेलं तर टोल. हे दोन्ही रीतसर आहेत, त्यावर मुलाने भांडू नये. नाहीतर माझ्या अँटॉप हिलच्या भावासारखा तिकडचा कोणीतरी मासिकाला पत्र लिहील.

दुखणं मात्र आपल्यासारखंच आहे. राजवाड्याजवळ, रात्रीच्या बाजाराशी, मोठ्या हॉटेलांसमोर उभ्या असलेल्या टॅक्सी तोंडी आकडा सांगतात. त्याने रस्त्याच्या पुढच्या वळणावर जाऊन चालती टॅक्सी थांबवावी. दार उघडून आधी ठिकाण सांगायचं, मग मीटर. संध्याकाळी पावसात किंवा गाडी दुसऱ्या चालकाच्या हाती द्यायच्या वेळेला चालक मान हलवून निघून जातात, त्याचं मनावर घ्यायचं नाही. दादरला आपल्यालाही कोण विचारतं? ग्रॅब, बोल्ट ही ॲप्स तिथे चालतात. भाडं आधीच दिसतं म्हणून नव्या माणसाला बरं. पण मोकळ्या रस्त्याला मीटरची टॅक्सी बहुधा स्वस्त पडते.

राहायला जागा मिळाली की पहिल्या आठवड्यातच त्याने इमारतीचा पत्ता थाई लिपीत लिहून घ्यावा आणि मोबाइलमध्ये ठेवावा. अर्धी भांडणं चुकीच्या गल्लीत शिरल्यामुळे होतात आणि खापर मीटरवर फुटतं. एक-दोन महिने रोजचा ऑफिसचा रस्ता मीटरने केला की भाडं त्याच्या अंगवळणी पडेल. मग कोणी दुप्पट मागितलं तर त्याला हिशेब करावा लागणार नाही.

आणि तरीही कोणी फसवलंच, तर तिथल्या भूमी परिवहन खात्याचा तक्रारीचा फोन आहे, 1584. थाई बोलता येत नसेल तर ऑफिसातल्या कोणाला तरी लावायला सांगावं. गाडीचा नंबर शोधायला उतरून मागे धावायची गरज नाही, तो मागच्या दारांच्या आतल्या बाजूला पिवळ्या पट्टीवर लिहिलेला असतो. बसल्या बसल्या फोटो काढून ठेवायचा.