सिंहगडाचे फोटो हवे असतील तर गडाला प्रदक्षिणा घाला

तुम्ही विचारलंय की नोकरीसाठी अमरावतीहून पुण्यात आलोय, पहिलाच कॅमेरा घेतलाय, सिंहगडावर तीनदा जाऊन आलो पण फोटो सगळे सारखेच येतात, तर एका दिवसात फिरणं आणि फोटोग्राफी दोन्ही कसं जमवायचं.

मी धायरीत राहते, गच्चीतून रोज गड दिसतो, आणि गेली अकरा वर्षं मी आणि माझा भाऊ त्याच्या आजूबाजूला गाडी घेऊन फिरतोय, त्यामुळे जरा सविस्तर सांगते. पहिली गोष्ट म्हणजे सिंहगडावर जाऊन सिंहगडाचा फोटो येत नाही. तुम्ही गडावर उभे असता, मग फोटोत पुणे दरवाजा येतो, कांदाभजी येतात, दरी येते, समोरचे डोंगर येतात, पण गड कुठे येतो? तो बघायचा तर त्याच्यापासून लांब जायला हवं आणि त्याच्याभोवती फिरायला हवं. चारही बाजूंनी तो इतका वेगळा दिसतो की त्या दूरदर्शनच्या टॉवरवरून ओळखायचा, नाहीतर हाच तो यावर विश्वास बसत नाही.

बहुतेक लोक खडकवासला, डोणजे, गोळेवाडी करत घाटाने वर जातात आणि त्याच रस्त्याने परत येतात. ही गडाची उत्तरेची बाजू. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो म्हणून या बाजूला दिवसभर सावलीच असते, डिसेंबरात धरणावरून फोटो काढला की गड नुसता काळा ढीग दिसतो आणि आपल्याला वाटतं कॅमेऱ्यात काहीतरी गडबड आहे. कॅमेरा ठीकच असतो, बाजू चुकलेली असते.

म्हणून उलटं जा. गड उजव्या हाताला ठेवून, म्हणजे रीतसर प्रदक्षिणा. कात्रजच्या नवीन बोगद्यातून बाहेर पडा, खेड शिवापूर, मग नसरापूर, तिथून वेल्ह्याचा रस्ता, पाबे घाट, खानापूर, खडकवासला आणि घरी. मधे कोंढणपूरला आत जाऊन यायचं धरलं तरी सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या आसपास होतं, बाइकवर आरामात एक दिवस. या दिशेने गेलात की उजेड तुमच्याबरोबर फिरतो, सकाळी तुम्ही गडाच्या पूर्वेला असता आणि ऊन थेट गडाच्या तोंडावर, संध्याकाळी पश्चिमेला असता आणि तेव्हाही तसंच. हे आम्हाला कळायला तीन वर्षं लागली, तोपर्यंत आम्ही दरवेळी सूर्याच्या विरुद्धच कॅमेरा धरत होतो.

पहाटे पाचला निघा. खेड शिवापूरला उजाडायच्या आत पोचलात की कोंढणपूरच्या रस्त्याला लागा, हायवेवर गाडी थांबवून फोटो काढायचं धाडस अजिबात करू नका, ट्रक अंगावरून जातात. कोंढणपूरला तुकाईचं देऊळ आहे, त्याच्या आधी शेतांमधे कुठेही उभं राहिलं तरी पश्चिमेला गड समोर. सूर्य वर आला की आधी टॉवरचं टोक लाल होतं, मग कडा, मग खाली उतार, हे सगळं पाच-सात मिनिटांत होतं. आपला सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थरावर थर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, आणि तिरक्या उन्हात ते थर पायऱ्यांसारखे एकेक उठून दिसतात. दुपारी तोच कडा सपाट भिंत वाटतो. इथे टेलि लेन्स, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, असेल तर २०० मिमी पर्यंत झूम करा, मोबाइल असेल तर त्याचा जो खरा झूम आहे तेवढाच वापरा, त्यापुढे बोटाने ताणू नका, नुसते ठिपके येतात.

वेळ असेल तर पुढे कल्याण गावापर्यंत जाऊन या. ही गडाची दक्षिण बाजू, इथून पायवाट कल्याण दरवाजाला चढते, गर्दी फार कमी. हिवाळ्यात या उतारावर दिवसभर ऊन असतं, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत फक्त अर्धा दिवस मिळणार असेल तर मी डोळे झाकून कल्याणला जाईन.

मग परत हायवेला येऊन चेलाडी फाट्यावरून नसरापूर. पेट्रोल हायवेवरच भरून घ्या. बनेश्वरला थांबा, नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं देऊळ, भोवती दाट झाडी, उन्हाच्या वेळेत सावलीतले फोटो छान येतात. नाश्ता जेवण काय ते इथेच उरका.

नसरापूर ते वेल्हे हा रस्ता फोटोसाठी घाईने पार करू नका. डावीकडे राजगड, समोर हळूहळू तोरणा, आणि खाली भातखाचरं. सप्टेंबरअखेर ती पोपटी असतात, दिवाळीच्या आसपास सोनेरी होतात आणि कापणी सुरू होते. दोन वर्षांपूर्वी विंझरच्या अलीकडे एका खळ्यावर भात झोडत होते, मी लांबूनच कॅमेरा लावला तर तिथल्या आजींनी हाक मारली, "लांबनं काय काढतीस, ये की हितं." गेले. त्यांनी पेंढी दोन्ही हातांत धरून डोक्यावरून मागे नेली आणि फळीवर आपटली, दाणे उडाले आणि उन्हात धुरळा असा पिवळा झाला की मी फोटो काढायचंच विसरले. मग त्यांनीच परत आपटून दाखवली, तीनदा. हातावर बारीक बारीक ओरखडे होते, भाताच्या पात्याचे. तो फोटो मी प्रिंट काढून पुढच्या खेपेला नेऊन दिला, आता गेलं की चहा प्यायल्याशिवाय सोडत नाहीत. लोकांचे फोटो विचारून काढा आणि जमलं तर प्रिंट नेऊन द्या, मोबाइलवर नुसतं दाखवण्यात आणि हातात देण्यात फार फरक आहे.

वेल्ह्याच्या अलीकडेच उजवीकडे पाबे गावाचा रस्ता फुटतो. दुपारी चारपर्यंत घाटात शिरा. रस्ता अरुंद, वळणं अवघड, पावसाळ्यात शेवाळं आणि दरडी, सांभाळून. चढताना मागे वळून बघत राहा, तोरणा आणि राजगड दोन्ही एका फ्रेममधे बसतात. तोरण्याची उंची १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला, आणि याला प्रचंडगड का म्हणायचे ते या घाटातूनच कळतं. सूर्य मावळतीला गेला की तोरण्याची नुसती कडा उरते, तेव्हा मोबाइलच्या स्क्रीनवर आकाशावर बोट ठेवून एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ येणार ते, लॉक करा, जमीन काळी झाली तरी होऊ द्या.

पण मला ज्यासाठी एवढं लिहावंसं वाटलं ते खिंडीच्या पलीकडे आहे. खानापूरच्या बाजूला उतरायला लागलं की पूर्वेला सिंहगडाची पश्चिम बाजू उघडते. डोणागिरीचा कडा, ज्याला आपण तानाजी कडा म्हणतो, तो याच बाजूला. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे आणि मावळे इथून वर चढले हे आपण सगळे चौथीपासून शिकतो, वर जाऊन कठड्यावरून खाली डोकावतोही, पण तो कडा समोरून किती जणांनी बघितलाय? मावळतीचं ऊन त्याच्यावर पडतं तेव्हा त्यातली एकेक भेग दिसते, आणि मग डोक्यात येतं की हे माघातल्या अंधारात, थंडीत, दोराला धरून. पहिल्यांदा बघितलं तेव्हा भाऊ आणि मी दहा-पंधरा मिनिटं काही बोललोच नाही. माझ्याकडे सिंहगडाचे काही हजार फोटो असतील, भिंतीवर लावलाय तो हाच.

सीझन म्हणाल तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबर. पावसाने हवा धुतलेली असते, उतारांवर सोनकी पिवळीधमक, तेरडा गुलाबी. जुलै-ऑगस्टमधे घाट सुंदर असतो पण गड धुक्यात असतो, दिसला तर नशीब, आणि एसी गाडीतून एकदम बाहेर आलात तर लेन्सवर लगेच वाफ धरते, कॅमेरा आधी पिशवीतच पाच-दहा मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या. मे महिन्यात हवा इतकी धुरकट असते की मी जातच नाही.

ड्रोन असेल तर घरीच ठेवा. खडकवासल्याला एनडीए, म्हणजे लष्कराची प्रबोधिनी, आहे, धरण आहे, तिथे उडवायचा विचारही नको आणि त्या दिशेने मोठी लेन्स लावून बसणंही टाळा. आणि प्रदक्षिणेच्या दिवशी गडावर चढायचं डोक्यात घेऊ नका, दोन्ही होत नाही. गडासाठी मधल्या वारी वेगळं जा, आतकरवाडीतून पायी, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन या.

घाटातून अंधार पडायच्या आत खाली उतरा, दिवे नाहीत आणि गुरं रस्त्यावर असतात. खानापूरला चहा घ्या. रविवार असेल तर खडकवासला चौपाटीला भाजलेल्या कणसांसाठी एवढी गर्दी असते की तासभर अडकाल, म्हणून शनिवारी जमवा. फोटो काढलेत की इथे टाका, मला खरंच बघायचेत, विशेषतः पश्चिमेचा.