हसण्यावारी नेलेलं, झोपेवर आलेलं

प्रश्न : मी समलिंगी आहे, परळच्या ऑफिसात कुणाला ठाऊक नाही. डब्याच्या वेळी ‘बायल्या’वरून विनोद, ‘लग्न कधी?’ची चौकशी. मला थेट कुणी बोलत नाही, तरी झोप उडालीय. मी उगाच मनाला लावून घेतोय का?

उत्तर : नाही. एकेक टोमणा किरकोळच असतो. थकवते ती दिवसभराची सावधगिरी. जोडीदाराबद्दल सांगताना ‘तो आला’चं ‘ती आली’ करायचं, हसणाऱ्यांत हसायचं. शरीर सतत सज्ज राहतं आणि रात्रीही सैलावत नाही. संशोधक इलन मायर यांनी २००३ मध्ये यालाच अल्पसंख्याकांचा ताण म्हटलं.

दोन आठवडे प्रसंग आणि त्या रात्रीची झोप एका ओळीत टिपा. समुपदेशकाला नुसत्या ‘उदास वाटतं’पेक्षा हे जास्त उपयोगी. अपॉइंटमेंटआधी फोनवरच विचारा, समलिंगी व्यक्तींसोबत काम केलंय का? ‘बदलून देतो’ म्हणणाऱ्याकडे फिरकूही नका (असे अजून आहेत!), समलिंगी असणं हा आजार नाही, हे मानसोपचारतज्ज्ञांच्या इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. मुंबईत समलिंगी व्यक्तींसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट आहे. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर लगेच लावा.

ऑफिसात सगळ्यांना सांगायची घाई नको. विनोद सुरू होताच विषय बदलणारा एक विश्वासू सहकारी आधी शोधा.