कंबरदुखीवर फिजिओथेरपीने खरंच फरक पडतो का?

पडतो, फक्त दोन दिवसांत नाही. तुम्ही म्हणताय रोज डोंबिवली ते सीएसएमटी उभ्याने आणि मग दिवसभर खुर्चीत, माझ्या आईचंही सेम होतं, सकाळी वाकून बेसिनवर तोंड धुताना एका हाताने नळ धरायची इतकी कंबर धरलेली असायची. तिला आधी एका ठिकाणी दहा दिवस नुसतं मशीनचं शेक दिलं, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं आणि घरी आलं की परत तेच, कारण खरं काम व्यायामाचं असतं, मशीनचं नाही. नंतरच्या फिजिओने रोज करून घेतलं: पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवायचे, पोट आणि कुल्ले घट्ट करून कंबर हळू वर उचलायची, पाच सेकंद धरायची, खाली. दहा वेळा. शिवाय रोज अर्धा तास चालणं. दीड महिन्यात ती परत ट्रेनने जायला लागली.

झोपून राहू नका प्लीज, त्याने कंबर अजून आखडते. खासगी परवडत नसेल तर केईएम, सायन, नायरला फिजिओची ओपीडी आहे, केसपेपर काढून जा.

पण पायात ताकद कमी वाटली, जांघेत बधीरपणा आला किंवा लघवी-संडासवरचा कंट्रोल गेला तर व्यायाम वगैरे सोडा, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.