फोन सगळं वाचून दाखवतो, मग अंध मुलीला ब्रेल शिकवायची गरज आहे का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सात वर्षांची आहे, नजर पूर्ण गेलीय, फोन ती सराईतपणे वापरते आणि तिचे काका म्हणतात, ब्रेलमध्ये वर्षं घालवण्यापेक्षा तिला कॉम्प्युटर शिकवा. ब्रेल डिस्प्ले, म्हणजे फोन-कॉम्प्युटरवरचा मजकूर उठावाच्या टिंबांत बोटाखाली उमटवणारं यंत्र, कोणता घ्यावा, हेही विचारलंय.

ब्रेल शिकवा. उद्यापासून सुरू करा.

काकांचं हे वाक्य आमच्या घरात माझा दादा बोलायचा. माझी नजर अकराव्या वर्षापर्यंत हळूहळू गेली. शाळेतल्या बाईंनी ब्रेलचा विषय काढला, तेव्हा दादानं साफ नाही म्हटलं. माया कमी नव्हती त्याची. रात्र रात्र जागून त्यानं माझी पुस्तकं रेकॉर्ड केली, पुढे पडद्यावरचं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर बसवून दिला. "कानानं सगळं येतंय ना, मग बोटं कशाला झिजवायची?" मी पदवीपर्यंत कानावरच गेलो. मार्क उत्तम पडले. परीक्षेला लेखनिक असायचा.

पहिल्या नोकरीत एक सूचना मी स्वतः टाइप करून सगळ्यांना पाठवली. साहेबांनी बाजूला बोलावून हळूच विचारलं, "तुमचं शिक्षण मराठीतच झालंय ना?" मी 'परिक्षा' लिहिलं होतं, 'आशिर्वाद' लिहिलं होतं, आणखी बरंच. शेकडो पुस्तकं ऐकलेला माणूस मी, पण 'परीक्षा'तला री दीर्घ आहे हे मला माहीतच नव्हतं. कळणार कुठून? ऐकताना 'रि' आणि 'री' सारखेच लागतात. इतकी वर्षं पेपरातलं शुद्धलेखन लेखनिकाचं होतं, माझं नव्हतं. ते त्या दिवशी कळलं आणि फार लागलं.

पंचविसाव्या वर्षी ब्रेलची पाटी आणि स्टायलस, म्हणजे टिंबं टोचायची टोचणी, हातात घेतलं. पाटीवर उजवीकडून डावीकडे, उलटं टोचायचं आणि कागद पालटून सुलटं वाचायचं. ब्रेलमध्ये इ आणि ए एकमेकांचे आरसे आहेत. मी 'दिवा' टोचला, एक अक्षर उलटवायला विसरलो, कागद पालटला तर बोटाखाली 'देवा'. आणि ज्यासाठी मी आलो होतो ते इ-ई? ब्रेलच्या चौकटीत सहा टिंबं: डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन, उजवीकडे चार, पाच, सहा. इ म्हणजे दोन आणि चार नंबरची टिंबं, ई म्हणजे तीन आणि पाच. तीच तिरकी जोडी, फक्त एक घर खाली. 'दिन' आणि 'दीन' एकाखाली एक लिहून मी कितीतरी वेळ त्यांवरून बोट फिरवत बसलो होतो. कानाला चौदा वर्षांत जे कळलं नाही, ते बोटाला त्या एका दुपारी कळलं.

स्क्रीन रीडरवर एकेक अक्षर ऐकता येतं, हे मला ठाऊक आहे. दादा अजून तेच सांगतो. पण प्रत्येक शब्दापाशी थांबून कोण ऐकतं? डोळस मुलाच्या नजरेखालून एक शब्द हजारदा जातो म्हणून तो त्याला लिहिता येतो. तिच्याही बोटाखालून तो जायला हवा.

हा वाद जुना आहे. लुई ब्रेलच्या आधी चार्ल्स बार्बिए यांची बारा टिंबांची लिपी होती. ती बोटाच्या एका स्पर्शात मावत नसे, आणि ती उच्चारावर बेतलेली होती, शुद्धलेखन तिच्यात नव्हतंच. ब्रेल ती लिपी शिकला, तिच्यातून त्यानं सहा टिंबं आणि खरी अक्षरं काढली आणि १८२९ साली, वयाच्या २० व्या वर्षी, आपली पद्धत प्रसिद्ध केली. आंधळ्या मुलांना नुसते आवाज पुरत नाहीत, अक्षरं लागतात, हे त्यानं तेव्हाच दाखवलं. 'नुसतं ऐक' म्हणणारी माणसं आपल्याला त्याच्याही आधीच्या काळात नेतात.

डिस्प्लेचं म्हणाल तर घाई करू नका. प्रत्येक टिंब वर-खाली करायला वेगळी बारीक यंत्रणा लागते, म्हणून तो महाग असतो, आणि बहुतेकांवर एकच ओळ उमटते. पानावर शीर्षक कुठे, परिच्छेद कुठे तुटतो, बेरजेचे आकडे एकाखाली एक कसे येतात, हे कागदावरच कळतं. आधी कागद, हात बसला की डिस्प्ले. घेताना त्यावर मराठी नीट उमटते का ते वाचता येणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. 'परीक्षा' आणि 'ज्ञान' लिहून पाहा. क्ष आणि ज्ञ यांना ब्रेलमध्ये स्वतंत्र एकेक खूण आहे, ती यायला हवी. माझा डिस्प्ले ब्लूटूथनं फोनलाच जोडलेला असतो, म्हणजे तिचा फोनही कामाला येतोच.

एक सांगायचं राहिलं. उतारवयात नजर गेलेल्यांना किंवा मधुमेहानं बोटं बधिर झालेल्यांना मी हा आग्रह करणार नाही, त्यांनी खुशाल ऐकावं. कादंबऱ्या मीही ऐकतोच. कान सोडा असं माझं म्हणणं नाही. पण तुमची मुलगी सात वर्षांची आहे.

गेल्या वर्षी दादानं एका अर्जाचा मसुदा मला पाठवला, "जरा नजर टाक" म्हणून. मी तो डिस्प्लेवर वाचला आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका दुरुस्त करून परत पाठवला. त्यानं तसाच पुढे दिला. ब्रेलबद्दल तो अजून काही बोललेला नाही.