मॅग्नेटला ढकलणारी चकती त्यालाच लटकवून कशी धरते?

प्रश्न : माझी मुलगी ऐरोलीच्या एका कॉलेजात फर्स्ट इयरला आहे. तिथल्या सायन्स प्रदर्शनात थर्माकोलच्या डब्यात लिक्विड नायट्रोजन ओतून एक काळी चकती गार केली आणि तिच्यावर मॅग्नेट तरंगवून दाखवलं, इथपर्यंत समजलं. पण मग मॅग्नेट जरा खाली दाबलं आणि चकती चिमट्याने धरून उलटी करून उचलली तर मॅग्नेटपण खाली लटकत वर आलं, मध्ये पेन्सिल जाईल एवढी फट! विचारलं तर "मायस्नर इफेक्ट" एवढंच सांगितलं. पण पुस्तकात तर लिहिलंय की सुपरकंडक्टर मॅग्नेटिक फील्ड बाहेर ढकलतो, मग ढकलणारा धरून कसा ठेवतो?
— एक आई, नौपाडा, ठाणे

उत्तर : ताई, तुमची शंका अगदी बरोबर आहे, नुसत्या मायस्नर इफेक्टने हे सुटतच नाही.

1933 मध्ये मायस्नर आणि ओक्सेनफेल्ड यांनी बघितलं की धातू गार होऊन सुपरकंडक्टर झाला, म्हणजे त्यात करंटला काहीच अडथळा राहिला नाही, की तो आतलं फील्ड बाहेर फेकतो. शिसं, पारा यांच्यासारख्यांना हे लागू आहे. तुम्ही पाहिलेली चकती बहुतेक यट्रियम, बेरियम, कॉपर आणि ऑक्सिजनची असणार, 1987 मध्ये सापडलेली, जी साधारण 93 केल्विनला म्हणजे उणे 180 सेल्सियसला सुपरकंडक्टर होते, म्हणून तर उणे 196 चं नायट्रोजन पुरतं. ही दुसऱ्या जातीतली. फील्ड कमी असेल तोवर ती पण बाहेर ढकलते, पण जरा वाढलं की फील्डला आत येऊ देते, तेही सरसकट नाही तर बारीक बारीक दोऱ्यांसारखं, आणि प्रत्येक दोऱ्याभोवती करंट भोवऱ्यासारखा फिरत असतो. अब्रिकोसोव यांनी 1957 मध्ये हे गणिताने मांडलं आणि 2003 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही वाटते की प्रत्येक भोवऱ्यात फील्डचा वाटा ठरलेला असतो, सगळ्यांना सारखा, ना कमी ना जास्त. एक टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे फील्ड मोजायचं माप) फील्डमध्ये असे दोन भोवरे एकमेकांपासून साधारण 50 नॅनोमीटरवर उभे असतात.

आता लटकण्याचं बघू. चकतीत बारीक दोष असतात, कुठे वेगळ्या पदार्थाचा कण, कुठे क्रिस्टलमधली चूक, आणि भोवरा तिथे जाऊन अडकतो. सकाळच्या ठाणे लोकलमध्ये ज्याने वरची कडी धरलीय तो गर्दीच्या रेट्याने हलत नाही ना, तसंच. मॅग्नेट खाली दाबलं तेव्हा फील्ड आत घुसलं आणि भोवरे अडकले. मग मॅग्नेट लांब जायला लागलं तर त्यांना जागा सोडावी लागेल, ते सोडत नाहीत, म्हणून मॅग्नेट ओढलं जातं, आणि जवळ आणलं तर परत ढकललं जातं. एकदम शुद्ध, बिनदोष चकती असती तर हे जमलंच नसतं, म्हणून चांगल्या चकत्यांमध्ये असे कण मुद्दाम घालतात.

पुढच्या वेळी मुलीला सांगा, गोल मॅग्नेटला हलकी टिचकी मारून बघ. ते जागच्या जागी गरगर फिरतं, कारण फिरल्याने चकतीच्या दृष्टीने फील्ड बदलतच नाही, पण बाजूला सरकवलं की परत जागेवर येतं. आपल्या दमट हवेत चकतीवर लगेच पांढरं हिव धरतं, आणि ती 93 केल्विनच्या वर गेली की मॅग्नेट टप्पकन पडतं.

याहून चमत्कारिक प्रकारही आहेत. काही नमुने अगदी कमी फील्डमध्ये गार केले तर ढकलायच्या ऐवजी थोडे ओढले जातात. नायोबियमच्या पातळ चकत्यांमध्येही हे दिसलंय. कडा आधी गार झाल्या तर फील्ड आत कोंडलं जातं, हे एक पटणारं कारण. आणि आपल्या जवळचंच सांगायचं तर कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत 1994 च्या सुमारास निकेल बोरोकार्बाइड या कुटुंबातली सुपरकंडक्टिव्हिटी सापडली, त्यातल्या होल्मियमवाल्या पदार्थाचं तर असं की तो साधारण 8 केल्विनला सुपरकंडक्टर होतो, मग अजून गार करत 5 च्या आसपास आणलं आणि थोडं फील्ड दिलं की आतले होल्मियमचे अणू आपलं चुंबकत्व एका शिस्तीत लावायला घेतात आणि सुपरकंडक्टिव्हिटी जाते, आणि त्याहून गार केलं की परत येते! गार करून घालवायची, अजून गार करून आणायची, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस डोक्यातून गेलं नव्हतं.

प्रश्न : घरच्या फ्रीझरमध्ये चकती ठेवून हा प्रयोग जमेल का?
— इयत्ता नववी, खारघर

उत्तर : नाही रे, फ्रीझर उणे 18 पर्यंत जातो, तुला उणे 180 च्या खाली जायचंय. कॉलेजच्या लॅबमध्ये मोठ्यांबरोबर बघ, खिडक्या उघड्या ठेवून, कारण नायट्रोजनची वाफ बंद खोलीतला ऑक्सिजन बाजूला सारते आणि ते कळतही नाही.