सांगोल्यात डाळिंबाचं एक झाड वाळलं, शेजारची दोन पिवळी पडतायत, काय करू?

आधी वाळलेल्या झाडाचं खोड बुंध्याशी आडवं कापून बघा. आत तपकिरी-काळे पट्टे दिसले तर बहुतेक सेराटोसिस्टिस बुरशीची मर, म्हणजे झाड वाळवणारा रोग. ते झाड आता वाचत नाही. मुळांसकट काढून जाळा, पण ओढत बागेतून नेऊ नका, माती सांडते.

खरी काळजी शेजारच्यांची. बुरशी मुळांतून, पाण्यातून, कात्रीवरूनही पसरते. मधे चर खणून मुळांचा संपर्क तोडा, भोवतालच्या झाडांना प्रोपिकोनॅझोल या बुरशीनाशकाची आळवणी करा, म्हणजे औषधाचं पाणी मुळांशी ओता. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी त्यासोबत नको, महिनाभराने शेणखतात मिसळून द्या. ड्रिप बेतानेच, भारी जमिनीत ओल साचली की औषध वाया. खोडाला बारीक छिद्रं आहेत का तेही बघा, खोडकिड्यामुळेही झाड मरतं. औषधाचं प्रमाण सोलापूरजवळच्या केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात विचारा, दुकानदाराला नव्हे.